साखर, मीठ, पाणी: ओआरएसमागचा इतिहास

ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला की कोणत्याही पेयाच्या नावात किंवा लेबलवर 'ओआरएस' (जुलाबात पाजायचं साखर-मिठाचं द्रावण) ही अक्षरं वापरायची नाहीत. त्याआधी 'हे डब्ल्यूएचओच्या सूत्राप्रमाणे नाही' अशी सूचना छापली की काम भागत असे. भांडण लेबलचं वाटतं, पण जुलाब लागलेल्या पोराला गोडमिट्ट पेय पाजलं तर जुलाब वाढू शकतात. ते का, हे समजायला शरीर पाण्या-मिठाचा तोल कसा राखतं या जुन्या प्रश्नाकडे वळावं लागतं.

त्याची सुरुवात पटकीपासून, म्हणजे कॉलऱ्यापासून होते. १८३१ च्या अखेरीस ती ब्रिटनमध्ये पोचली. विल्यम ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासलं, तर त्यातलं पाणी आणि क्षार उतरलेले दिसले. ते वाचून १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या डॉक्टर थॉमस लाट्टाने मिठाचं पाणी थेट शिरेत सोडायचं ठरवलं. पहिली रुग्ण एक म्हातारी बाई होती. नाडी लागत नव्हती, डोळे खोल गेले होते. तीनेक लिटर पाणी गेल्यावर तिचा चेहरा उजळला, अंगात ऊब आली. लाट्टा निश्चिंत होऊन बाहेर पडला. जुलाब-उलट्या मात्र थांबल्या नव्हत्या. काही तासांतच ती गेली. गळती चालू असताना भरणंही चालूच ठेवावं लागतं, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. उपाय मागे पडला, डॉक्टर पुन्हा रक्त काढण्याकडे वळले. ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि त्याचं नाव झालं ते हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा टाकल्याबद्दल!

या सगळ्याला बसेल अशी चौकट पॅरिसच्या क्लोद बर्नार या शरीरक्रिया-शास्त्रज्ञाने दिली. नुसतं मांस खाणाऱ्या कुत्र्याच्याही यकृतातून साखर बाहेर पडते, हे त्याने दाखवलं होतं. म्हणजे बाहेरून काय येतं यावर शरीर सगळं सोडून देत नाही. पेशी ज्या द्रवात राहतात ते शरीराचं आतलं पर्यावरण, आणि ते स्थिर राहतं म्हणून प्राणी बाहेरच्या ऊन-थंडीत मोकळा फिरू शकतो, असं त्याचं म्हणणं. हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने १९२६ मध्ये याला 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिलं. नाव ऐकून काहीतरी थांबलेलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात आत अखंड वर्दळ असते. रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात उतरतो, त्यातला बहुतेक सगळा पुन्हा शोषला जातो आणि शौचावाटे जेमतेम शे-दोनशे मिलिलिटर बाहेर पडतो.

पटकी हा हिशेब कसा उधळते, ते १९५९ मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवलं. जंतू आतड्यात विष सोडतो. त्या विषाने पेशींमधून क्षार बाहेर पडत राहतात आणि त्यांच्यामागे पाणी जातं, कधी कधी तासाला लिटरभर. पुढच्याच वर्षी रॉबर्ट क्रेनने प्रागच्या परिषदेत मांडलं की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज शिरतं ते सोडियमला सोबत घेऊनच. या दोघांमागे पाणीही आत येतं. माझ्या मते सगळ्या कथेची कळ इथे आहे: पटकीचं विष या वाटेला हात लावत नाही. मात्र साखर प्रमाणाबाहेर झाली तर न शोषलेली साखर उलट पाणी आतड्यात ओढते.

१९६८ मध्ये डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ढाक्यात रुग्णांना तोंडाने ग्लुकोज-मिठाचं द्रावण देऊन शिरेतल्या सलाईनची गरज खूप कमी करता येते हे सिद्ध केलं. तरी मोठमोठ्या डॉक्टरांना ते पटेना. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले. पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस यांना जमिनीवर पडलेल्या रुग्णांना सुई टोचायला घाणीत गुडघे टेकावे लागत होते. त्यात सलाईन संपत आलं. त्यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून घेतलं, ते पिंपांत कालवलं आणि पेल्याने पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. आधी ३० टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

डब्ल्यूएचओच्या ओआरएसच्या पुडीत लिटरमागे २० ग्रॅम ग्लुकोज असे. २००२ मध्ये ते १३.५ ग्रॅम केलं, मीठही ३.५ वरून २.६ ग्रॅमवर आणलं, कारण द्रावण जरा पातळ असलं की जुलाब आणखी कमी होतात.

पुडी पोचत नव्हती तिथे बांगलादेशच्या ब्रॅक संस्थेने १९८० पासून घरोघरी बायका पाठवल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. मीठ जास्त पडलं तर जिवावर बेतायचं, म्हणून आयांनी कालवलेलं पाणी प्रयोगशाळेत तपासलं जाई. शिकवणाऱ्या बाईचा पगारही किती घरं झाली यावर ठरत नसे. नंतर दुसरा माणूस जाऊन आईला काय आठवतं ते विचारायचा, आणि त्यावर ठरे.