थंड पाण्यात डायव्हिंगला निघण्याआधी

मालवण, नेत्राणी किंवा अंदमानात डायव्हिंग केलेली आणि आता नोकरी, शिक्षण किंवा मुलांच्या निमित्ताने इंग्लंड, नॉर्वे, कॅनडाला निघालेली मंडळी ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या दुकानात येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: सूट किती मिलिमीटरचा घेऊ? उत्तर देण्याआधी आम्ही एक बादली पुढे करतो.

चेंदणी कोळीवाड्यातून बर्फ आणून बादलीतलं पाणी ८ अंशांपर्यंत उतरवलेलं असतं. दोन्ही हात मनगटापर्यंत ३ मिनिटं बुडवायचे. मग हात न पुसता टेबलावरचा बोल्ट स्नॅप (कळीचा हुक) डी-रिंग नावाच्या कड्यात अडकवायचा, वेट बेल्टचं (वजनाच्या पट्ट्याचं) बक्कल उघडायचं आणि पाटीवर स्वतःचं नाव लिहायचं. पहिलं मिनिट चांगलंच ठणकतं. नंतर ठणका बधिर होत जातो आणि बरं वाटायला लागलं असं वाटतं. प्रत्यक्षात तोवर अंगठा ऐकेनासा झालेला असतो. स्नॅपची कळ दिसते, दाबायचीय हे कळतं, पण ती दाबली जात नाही. (हृदयविकार असलेल्यांनी किंवा थंडीत बोटं पांढरी पडणाऱ्यांनी हे करू नये. त्यांच्याशी आम्ही वेगळं बोलतो.)

पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. मालवणच्या २७-२८ अंशांच्या पाण्यात ते जाणवायला तास लागतो. ब्रिटनच्या किनाऱ्यावर ऑगस्ट-सप्टेंबरच्या ऐन उबेतही पाणी १४ ते १७ अंशांच्या आसपास असतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बऱ्याच ठिकाणी ६ ते ९. तिथले क्लब पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणींत सराव करतात. गोडं पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, त्यामुळे खोल खाणीच्या तळाशी उन्हाळ्यातही गारठा बसलेला असतो. वर १८ अंश असताना थोडं खाली गेलं की एका हाताच्या अंतरात पाणी बदलतं.

थंडी आधी श्वास पकडते. थंड पाणी अंगावर आलं की आपोआप धाप लागते आणि पहिली एक-दोन मिनिटं श्वास आपल्या ताब्यात नसतो. म्हणून उडी मारली की लगेच खाली जायचं नाही. वरच थांबा, तोंडावर पाणी मारा, श्वास खाली बसू द्या. त्यानंतर पाळी हातांची आणि शेवटी डोक्याची. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली जाणं ही पुढची गोष्ट झाली. त्याच्या कितीतरी आधी माणूस हवेचं गेज बघायला विसरतो, बडीची (डाइव्हच्या जोडीदाराची) खूण त्याला उशिरा कळते. म्हणून आमचा ठाम सल्ला असा: कुडकुडायला लागलात की ती डाइव्ह तिथे संपली. कुडकुडणं थांबायची वाट बघू नका. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन दंड चोळून दाखवा, मग अंगठा वर, म्हणजे 'वर जाऊया'. कुठलीही डाइव्ह कोणीही, कारण न सांगता थांबवू शकतो, हा नियम जगभर आहे. त्यात कमीपणा नाही.

आता सूट

वेटसूटमध्ये पाणी शिरतं आणि अंगाला चिकटलेला त्याचा पातळ थर आपल्या उबेने तापतो. सूट सैल असेल तर तो थर सारखा धुऊन जातो आणि ७ मिलिमीटरचे पैसे वाया जातात. दुसरी अडचण खोलीची. निओप्रीनमध्ये, म्हणजे सूटच्या रबरात, बारीक बुडबुडे असतात आणि दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे २० मीटरवर पृष्ठभागाच्या तिप्पट. बुडबुडे दबतात, ७ मिलिमीटर ७ राहत नाहीत आणि ऊब सर्वांत जास्त लागते तिथेच सूट पातळ होतो. १५ अंशांच्या वर, छोट्या डाइव्हला, ७ मिलिमीटर आणि हूड (डोक्याची टोपी) चालतं. त्याखाली ड्रायसूटच घ्या.

ड्रायसूटमध्ये मान आणि मनगटाशी रबरी सील असतात, आत पाणी येत नाही. ऊब देतात ते आतले कपडे. म्हणून आत लोकरी किंवा थर्मल घाला, सुती बनियन अजिबात नको, कारण घामाने ओला झालेला सुती कपडा अंगावर गारच राहतो. खाली जाताना सूट आवळतो, तेव्हा सिलिंडरमधली थोडी हवा त्यात सोडायची आणि वर येताना ती काढायची. हे एका दिवसात जमत नाही. हवा पायांकडे गेली तर पाय वर, डोकं खाली अशी अवस्था होते आणि माणूस फुग्यासारखा वर सुटतो. ड्रायसूटचं वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय समुद्रात जाऊ नका.

आमच्याकडे ड्रायसूट घालून बघता येतो, पण डिसेंबर-जानेवारीत, सकाळी सातच्या सुमारास आणि आत पातळ कपडे घालून. ठाण्याच्या दमटपणात जाड थर चढवले तर पाण्यात उतरण्याआधीच आतून भिजायला होतं. तलावातल्या सत्रात झडप वापरायला, उलटं झाल्यावर गोळा होऊन सरळ व्हायला शिकवतो. येताना नखं कापून या. लॅटेक्सची सील नखाने फाटते. मंगळसूत्र, कानातले, अंगठ्या घरी ठेवा. सीलला लावायची पावडर बिनवासाची हवी, ती आम्ही देतो.

सरळ सांगतो: पहिल्याच खेपेला आमच्याकडून ड्रायसूट विकत घेऊ नका. तिथे भाड्याने घ्या, पाच-सहा डाइव्ह करा, मग ठरवा. इथून न्यायचं ते हूड, हातमोजे आणि आतले कपडे, कारण या तीन गोष्टी अंगाला नीट बसायला लागतात. हूडशिवाय जायचं नाही. एका कानात थंड पाणी आधी शिरलं की गरगरतं आणि पाण्याखाली वर कुठे, खाली कुठे हे कळेनासं होतं.

वजनाचाही हिशेब बदलतो. मालवणला ४ किलोवर बुडणारा माणूस ड्रायसूटमध्ये १० ते १४ किलो मागतो. खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड, म्हणून खाणीत जुळवलेलं वजन समुद्रात पुरत नाही.

रेग्युलेटर

या पत्रकातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडात देणारं यंत्र. सिलिंडरमधली २०० बार दाबाची हवा त्याच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागात, एकदम प्रसरण पावते आणि खूप गार होते. बाहेरचं पाणीही गार असेल तर यंत्राच्या आत-बाहेर बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा धो-धो वाहायला लागते. याला फ्री-फ्लो म्हणतात. युरोपच्या ईएन २५० मानकाप्रमाणे १० अंशांच्या खालचं पाणी हे थंड पाणी. ज्या रेग्युलेटरवर >१० अशी खूण आहे तो त्यासाठी नाही. आपल्याकडे सर्रास वापरात असलेल्या बऱ्याच रेग्युलेटरचा पहिला टप्पा सीलबंद नसतो. उबदार पाण्यात तो वर्षानुवर्षं उत्तम चालतो, म्हणून संशयही येत नाही.

मलाही आला नव्हता. मार्च महिना, इंग्लंडमधली एक खाण, पाणी ६ अंश. मी माझाच, मालवणला शेकडो डाइव्ह केलेला रेग्युलेटर नेला होता. १४ मीटरवर बीसीमध्ये (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटमध्ये) हवा भरत भरत मोठा श्वास घेतला आणि तोंडात भोंगा वाजावा तसं झालं. डोळ्यांसमोर फक्त बुडबुडे. बडी तिथल्या क्लबमधले एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी माझा पट्टा धरला, स्वतःचा ऑक्टोपस, म्हणजे श्वास घ्यायचं जादा तोंड, माझ्या तोंडाशी आणला आणि गेज माझ्या काचेसमोर धरला: १६० वरून काटा नुसता घसरत होता. काठावर आलो तेव्हा ७० उरले होते आणि पहिल्या टप्प्यावर फ्रीजरमधल्यासारखा पांढरा बर्फ होता. आम्ही वर यायला घेतलेला वेळ दीड मिनिटाच्या आसपास असेल. त्या दिवसापासून आमच्या दुकानातून थंड पाण्याकडे निघालेला रेग्युलेटर तपासल्याशिवाय जात नाही.

तुम्ही एवढं पाळा. हवा भरणं आणि श्वास घेणं एकाच वेळी करू नका. बटण थोडं थोडं दाबा. गारठलेल्या हवेत काठावर उभं राहून रेग्युलेटरमधून श्वास घेऊन बघू नका, ओठांतला ओलावाही आत गोठतो. रेग्युलेटर धो-धो सुटलाच तर तो तोंडात पूर्ण न आवळता, बाजूने जादा हवा जाऊ देत श्वास घेत राहा आणि बडीकडे वळा. हा प्रकार आम्ही तलावात प्रत्येकाकडून तीनदा करून घेतो.

आणखी एक बारीक गोष्ट. आपल्याकडे सिलिंडरला रेग्युलेटर योक पद्धतीने, म्हणजे वरून कडं घालून बसवतात. तिकडे डीआयएन, म्हणजे आट्यांचा जोड बराच चालतो. अडॅप्टर इथूनच बसवून घ्या.

क्लबमध्ये गेल्यावर

ब्रिटनमध्ये डायव्हिंग मुख्यतः क्लबवर उभं आहे. ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब, ज्याला सगळे बीसॅक म्हणतात, १९५३ साली सुरू झाला. त्याच्या गावोगावच्या शाखांत शिकवणारे स्वयंसेवक असतात. ऐरोलीहून दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर तिकडे गेलेल्या आमच्या काही ग्राहकांना पहिल्यांदा हेच अवघड गेलं. मालवणला सिलिंडर कोणीतरी पाठीवर चढवून देतं, तिथे स्वतःचा स्वतः वाहायचा, बोट ढकलायची, चहा करायची पाळी आली की करायचा. ते मनापासून करा. भरती-ओहोटीची वेळ, कुठल्या खडकामागे प्रवाह फिरतो, कुठे मासेमारीच्या दोऱ्या अडकतात, हे त्या पाण्यात वीस वर्षं उतरलेल्या माणसांनाच ठाऊक असतं आणि ते चहाच्या वेळीच सांगितलं जातं.

पॅडी या प्रशिक्षण संस्थेचं ओपन वॉटर कार्ड (१८ मीटरपर्यंत) असेल तर क्लब ते मान्य करतात, पण आधी एक-दोन सोप्या डाइव्ह करून घेतात. प्रशिक्षकाने धरून नेलेली सुट्टीतली एक डाइव्ह म्हणजे कार्ड नव्हे. तेवढंच झालं असेल तर आधी पूर्ण कोर्स करा.

एवढं सगळं करून बघायचं काय, असं घरचे विचारतात. केल्पची (उंच समुद्री शेवाळाची) जंगलं, इंग्लंडच्या फार्न बेटांजवळ फिन्स चावून बघणारे करडे सील प्राणी आणि स्कॉटलंडमधला स्कापा फ्लो उपसागर. २१ जून १९१९ रोजी तिथे जर्मन नौदलाने स्वतःचीच ५२ जहाजं बुडवली. त्यातली ३ युद्धनौका आणि ४ क्रूझर आजही तळाशी आहेत. ती खोल आहेत, पहिल्या वर्षी मनात आणू नका. आइसलंडच्या सिल्फ्रा भेगेत पाणी वर्षभर २ ते ४ अंश आणि १०० मीटरपलीकडचं स्वच्छ दिसतं. आपल्या ठाण्याच्या खाडीकाठी वाढलेल्याला ते बघून बोलायला सुचत नाही.

तब्येत

रक्तदाब असलेल्यांनी आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांना "थंड पाण्यात" हे शब्द मुद्दाम सांगून तपासणी करावी. गार पाण्यात काहींच्या फुप्फुसांत पाणी साठतं. खाली असताना विनाकारण धाप किंवा खोकला आला तर लगेच वर या. थंडीत लघवी जास्त होते म्हणून पाणी पिणं टाळू नका. डाइव्हच्या आधी किंवा मध्ये मद्य नको, आल्याचा गरम चहा चालेल. खोल डाइव्हनंतर लगेच कढत पाण्याने अंघोळ करू नका.

परतताना

एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, रोज किंवा एकापेक्षा जास्त केल्या असतील तर १८ तास जाऊ द्या. तिकीट काढतानाच हे धरा. सामान गोड्या पाण्यात धुताना पहिल्या टप्प्यावरचं झाकण आधी पुसून घट्ट लावा. आल्यावर रेग्युलेटर आमच्याकडे आणा, उघडून बघतो. ड्रायसूटची झिप पूर्ण उघडी ठेवून सूट सावलीत टांगा, गॅलरीतल्या उन्हात नको.

बादली दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी असते. टॉवेल सोबत आणा.