स्केचबुकाला गुण का मिळू लागले?

कलामहाविद्यालयांत दर सबमिशनला एक वाद निघतोच: स्केचबुक तपासावे की विद्यार्थ्याकडेच राहू द्यावे?

आधी थोडे मागे जाऊ. १४०० च्या सुमारास इटलीतले शिकाऊ चित्रकार भाजलेल्या हाडांच्या पुडीचा लेप दिलेल्या लाकडी फळीवर चांदीच्या टोकाने रेखाटत आणि लेप बदलून तीच फळी पुन्हा वापरत. वाट्टेल तेवढी पाने बिघडवायची चैन परवडू लागली ती यंत्रावरचा कागद आणि माती मिसळलेली पेन्सिल (१७९५) आल्यावर.

मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या कलाशिक्षणाला वळण लंडनचे लागले. नमुन्यावरून रेषा गिरवा, मग प्लास्टरच्या पुतळ्यावरून छायाप्रकाश घोटा. १८७२ पासून विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर वर्षानुवर्षे काम केले, तेही नकलांचेच. जिवंत मॉडेलचा वर्ग यायला १९२० उजाडले. व्हीटी, क्रॉफर्ड मार्केट, भाऊचा धक्का इथे वही घेऊन बसणे पुढे अंगवळणी पडले.

गुंता झाला तो स्केचिंग सबमिशनमध्ये गेल्यावर. आठवड्याला ठरावीक स्केचेस, प्रत्येकावर तारीख, सरांची सही. सक्ती नसेल तर कोणी काढणारच नाही, असा बाजूने युक्तिवाद होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. हात वळायला संख्या लागतेच. पण आदल्या रात्री मोबाइलमधल्या फोटोंवरून गठ्ठा पुरा करणे, मागच्या तारखा टाकणे हेही त्यातूनच आले. फसलेले पान तर कोणी ठेवतच नाही. स्पायरल वहीच्या तारेत अडकलेले कपटे मोजले की किती प्रयोग बाद झाले ते कळते. शिवलेल्या वहीत पंचाईत अशी की एक पान फाडले की जोडीचेही निसटते, म्हणून मुले ती घेतच नाहीत!

इंग्लंडने २०१४ पासून लागू केलेल्या अभ्यासक्रमात सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी स्केचबुक आहे. निरीक्षणे नोंदवा, कल्पनांकडे पुन्हा वळा, एवढेच त्यात म्हटले आहे. गुणांचा उल्लेख नाही.

दरम्यान २००७ साली सिएटलच्या एका पत्रकाराने प्रत्यक्ष जागेवर बसून रेखाटणाऱ्यांना इंटरनेटवर एकत्र आणले. ही चळवळ मुंबई-पुण्यापर्यंत आली. सही गेली, पण पाने त्याच संध्याकाळी इन्स्टाग्रामवर जाऊ लागली आणि तिथेही फसलेले पान सहसा दिसत नाही.

संख्येऐवजी एकाच विषयावरच्या बदलत गेलेल्या रेखाटनांना गुण द्यावेत, असा मधला मार्ग सुचवला जातो. त्यासाठी प्रत्येक वही सावकाश चाळावी लागेल. भरलेल्या वर्गात तेवढा वेळ नसतो, म्हणून सही करून पुढचे पान उलटले जाते.