आयसरला बायोलॉजी करायचीय? आयएटीचा फॉर्म नेमका कुठे अडतो ते आधी बघा

दर वर्षी जूनमध्ये एकाच साच्यातले मेसेज सुरू होतात, "पोरीला रँक छान आलीय पण ओबीसीचं सर्टिफिकेट चालत नाही म्हणतायत, आता काय करायचं?" जूनमध्ये फारसं काही करता येत नाही हो, खरं सांगायचं तर. जे करायचं ते एप्रिलमध्येच. म्हणून आत्ता लिहितोय, फॉर्म भरायच्या आधी एकदा शांतपणे वाचा आणि शक्यतो आईवडिलांनाही वाचायला द्या, कारण अडकणारे कागद बहुतेक त्यांच्याच नावाचे असतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयसर म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षणाच्या संस्था, एकूण ७ आहेत: पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बरहामपूर. पुण्यातली पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारी, २००६ पासून. बारावीनंतर ५ वर्षांचा बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र) असतो आणि प्रवेश आयएटी, म्हणजे आयसर ॲप्टिट्यूड टेस्ट, नावाच्या परीक्षेतून. एकच फॉर्म, एकच परीक्षा, मग सातही ठिकाणांचा पसंतीक्रम द्यायचा. जेईई, नीट किंवा सीईटीचे मार्क इथे उपयोगाचे नाहीत.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. "आमच्याकडे पीसीबी आहे, गणित नाही, म्हणजे आम्ही बाद ना?" नाही. बायो, केमिस्ट्री, मॅथ्स, फिजिक्स या चारपैकी किमान तीन विषय बारावीला हवेत एवढंच. पीसीबी चालतं, पीसीएम चालतं. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स बायफोकल घेऊन बायो सोडलेल्यांचं पण चालतं, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स तीन झालेच की. (भोपाळसारख्या ठिकाणी इंजिनिअरिंगचे आणि इकॉनॉमिक्सचे कोर्स आहेत, तिथे गणित लागतंच, पण आपण बायोलॉजीबद्दल बोलतोय.)

पण पात्र असणं वेगळं आणि सीट मिळणं वेगळं. पेपरमध्ये ६० प्रश्न, चारही विषयांचे १५-१५, वेळ १८० मिनिटं. बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं तर १ कापतात. एकूण २४०, त्यातले ६० गणिताचे. पीसीबीवाली मुलं काय करतात, गणित सरळ सोडून देतात, आणि मग १८० पैकी खेळत बसतात, समोरचा २४० पैकी खेळतोय. रँक एकूण मार्कांवर लागते. त्यामुळे अकरावी-बारावीच्या एनसीईआरटी गणितातलं निदान प्रॉबॅबिलिटी, मॅट्रिक्स, सोपं डिफरन्सिएशन, सिक्वेन्स-सिरीज एवढं तरी करून जा, १५ पैकी ५-६ प्रश्न जरी सुटले तरी रँक कुठल्या कुठे जाते. बायो सोडलेल्या पीसीएमवाल्यांनाही हेच लागू, उलट त्यांना सोपं जातं कारण बायोचे बरेचसे प्रश्न नुसतं पुस्तक नीट वाचून सुटतात.

आणि खरं तर ज्याला गणित अजिबातच नकोय त्याने इथे यावं का याचा विचार करावा. आजची बायोलॉजी म्हणजे बेडकाची आकृती काढून नावं देणं नाही. साथ किती पसरेल याचं गणित केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडलं, कोविडमध्ये रोज टीव्हीवर ज्या वक्रांवर चर्चा चालायची त्याच्या मुळाशी तेच. एचआयव्हीच्या रुग्णांना औषध दिल्यावर रक्तातला विषाणू किती वेगाने उतरतो ते मोजून, साध्या डिफरन्शियल इक्वेशनवरून कळलं की बाहेरून वर्षानुवर्षं शांत वाटणाऱ्या आजारात आत रोज प्रचंड प्रमाणात विषाणू तयार होतोय आणि मरतोय. हे १९९५-९६ चं काम, आणि एकाच औषधावर विषाणू इतक्या पटकन मात का करतो, म्हणून एकत्र अनेक औषधं का द्यावी लागतात, हे समजायला त्याची मोठी मदत झाली. आणि आपल्या घरातलं उदाहरण हवं असेल तर दामोदर कोसंबी. गोव्यात जन्मलेला माणूस, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होता, आणि १९४४ मध्ये क्रोमोसोमवर दोन जीन्समधलं अंतर रिकॉम्बिनेशनच्या (पुढच्या पिढीत जाताना जीन्सची अदलाबदल होण्याच्या) आकड्यांवरून कसं काढायचं याचं सूत्र दिलं. आजही जेनेटिक मॅप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'हॉल्डेन की कोसंबी', म्हणजे कुणाचं सूत्र वापरायचं, असा पर्याय येतो. तर पहिल्या वर्षी बायो आवडणाऱ्याला पण गणिताचे कोर्स चुकत नाहीत, हे मनाशी धरून फॉर्म भरा.

टक्केवारी. बारावीला एकूण ६०, एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांना ५५. ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला) यात सूट नाही, हे लोक वाचतच नाहीत. आणि हे एकूण आहे, ग्रुपचं नाही. सीईटीच्या सवयीने 'पीसीएमला ६८ आहेत' असं सांगू नका, इंग्रजी आणि दुसऱ्या विषयासकट मार्कशीटवर काय आहे ते बघा. बारावी त्याच वर्षीची किंवा आधीच्या दोन वर्षांतली हवी.

तारखेचा घोळ. फॉर्म साधारण मार्चमध्ये उघडतो आणि एप्रिलमध्ये बंद होतो, परीक्षा मेच्या शेवटी नाहीतर जूनमध्ये. म्हणजे बारावीचा निकाल लागायच्या आत फॉर्म बंद. "नीटचं काय होतंय ते बघू आणि मग आयसरचा भरू" म्हणणारे दर वर्षी गेट बंद झाल्यावर येतात. नीट देणार असाल तरी फॉर्म भरून ठेवा, फी परत मिळत नाही पण वर्ष तरी जात नाही. करेक्शन विंडो येते, पण तिच्या भरवशावर काहीही टाकून मोकळे होऊ नका, सगळ्याच गोष्टी नंतर बदलू देत नाहीत.

आता मुख्य रडगाणं, सर्टिफिकेट.

आयसर केंद्राची संस्था आहे. केंद्राला महाराष्ट्राचे प्रवर्ग माहीत नाहीत, सोपी गोष्ट आहे पण सेतूत बसलेला माणूस सांगत नाही आणि आपण विचारत नाही. फॉर्ममध्ये कॅटेगरीचा ड्रॉपडाऊन उघडला की जनरल, ईडब्ल्यूएस, ओबीसी-एनसीएल (एनसीएल म्हणजे नॉन-क्रिमीलेअर), एससी, एसटी एवढंच दिसतं. एनटी-सी कुठंय, एनटी-डी कुठंय, एसबीसी कुठंय, शोधत बसतात पोरं. ते नाहीयेत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर तुम्ही तिथे ओबीसी. धनगर, वंजारी, कुणबी या यादीत आहेत. बाकीच्यांनी राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या वेबसाइटवर महाराष्ट्राची यादी उघडून आपली नोंद स्वतः डोळ्यांनी बघावी, स्पेलिंगसकट, कारण राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. यादीत नसाल तर केंद्रासाठी तुम्ही जनरल, कितीही वाईट वाटलं तरी.

एसईबीसीवाल्यांनी खास वाचा. २०२४ चं १० टक्के मराठा आरक्षण राज्याच्या कायद्याने आलंय, ते राज्याच्या भरतीला आणि राज्याच्या कॉलेजांना. आयसरला ते सर्टिफिकेट दाखवून काही होत नाही. तिथे उत्पन्नात बसत असाल तर ईडब्ल्यूएस. पण तो दाखला पण केंद्राच्या नमुन्यातला, राज्याचा नाही. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला कुटुंबाचं ८ लाखांच्या आत उत्पन्न तर हवंच, वर मालमत्ता पण बघतात: ५ एकर किंवा जास्त शेती असेल तर बाद, १००० चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट असेल तर बाद, नगरपालिका हद्दीत १०० चौरस यार्डाचा आणि बाहेर २०० चौरस यार्डाचा प्लॉट असला तरी बाद. कोरडवाहू ६ एकर आहे, पिकत काहीच नाही, तरी नियमाला त्याचं काही देणंघेणं नाही. हे मला पण पटत नाही, पण तहसीलदाराशी भांडून उपयोग नाही, नियम त्याने केलेला नाही.

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे ओबीसीतल्या वरच्या, सधन थरात आपण मोडत नाही याचा दाखला. घरात फायलीत असतं ते बहुतेक राज्याच्या नमुन्यातलं, आणि त्यावर पुढची दोन-तीन वर्षं वैध असं लिहिलेलं असतं, म्हणून लोक निर्धास्त. आयसरला ते चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला कागद ओळखायची एक खूण सांगतो, इंग्रजी मजकुरात खाली भारत सरकारच्या कार्मिक खात्याच्या ०८/०९/१९९३ च्या आदेशाचा उल्लेख असतो, क्रमांक ३६०१२/२२/९३. तो आकडा कागदावर सापडला नाही तर हातातलं सर्टिफिकेट बहुतेक राज्याचं आहे, परत जा. सेतूत किंवा आपले सरकारवर अर्ज टाकताना 'केंद्र शासनासाठी' असं स्पष्ट सांगा. आणि जात प्रमाणपत्र, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर हे तीन वेगळे कागद आहेत. पडताळणीचा दाखला (ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात) कितीही मिनतवारीने मिळवलेला असला तरी तो बाकीच्या दोघांची जागा घेत नाही.

आता यातला खरा सापळा बघा. फॉर्म मार्चमध्ये उघडतो. हुशार आणि व्यवस्थित पालक लगेच पळतात आणि २० मार्चला नवं कोरं सर्टिफिकेट काढून आणतात. आणि संस्थेला हवं असतं त्या वर्षीच्या १ एप्रिल किंवा त्यानंतरचं. १२ दिवसांत तो कागद जुना झाला! ईडब्ल्यूएसचं तर आणखीनच, ते आर्थिक वर्षाला बांधलेलं असतं, ३१ मार्चला त्याचं आयुष्य संपलं. त्यामुळे मार्चमध्ये फक्त उत्पन्नाचा दाखला, जातीचे जुने पुरावे, शाळेचा दाखला, सातबारा हे गोळा करून ठेवा आणि १ एप्रिलनंतर पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका. त्या वर्षीच्या माहितीपत्रकात छापलेली तारीख शेवटची, ती बघाच. हमीपत्र देऊन नंतर सर्टिफिकेट आणू देतात का, ते पण तिथेच असेल, व्हॉट्सॲपवर कुणी सांगितलं म्हणून गृहीत धरू नका. एप्रिलमध्ये तहसीलला वर्षाअखेरची कामं, मग निवडणुकीची ड्युटी, मग साहेब रजेवर, सही होता होता मे उजाडतो, हे दर वर्षीचं आहे आणि आपल्या हातात एवढंच की रांगेत पहिलं उभं राहायचं.

एक छोटी गोष्ट. आधी नॉन-क्रिमीलेअरची भीती वाटून नोकरदार पालक अर्जच करत नाहीत, "पगार ८ लाखांच्या वर आहे" म्हणतात. केंद्राच्या निकषात उत्पन्नाच्या चाचणीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, पदाची वेगळी चाचणी असते. वर्ग एकचे अधिकारी असाल तर सोडा, पण क्लार्क, शिक्षक वगैरे असाल तर नीट चौकशी करा. ईडब्ल्यूएसमध्ये मात्र पगार, शेती, सगळं धरतात. दोन्ही ठिकाणी ८ लाखच लिहिलेले असतात म्हणून गल्लत होते.

नावाचं. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर उलटं. फॉर्ममध्ये मार्कशीटप्रमाणे भरा, आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव पण त्याच्याशी जुळतंय का बघा, 'व' चं कुठे व्ही कुठे डब्ल्यू झालेलं असतं. फोटो, सही वगैरे सांगितलेल्या साइजमध्ये, यात काही विशेष नाही.

गणितासकट बायो हवीय आणि बंगलोरच्या आयआयएससीचं (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं) बीएस पण डोक्यात असेल तर लक्षात ठेवा, ते आयएटीची रँक घेतात पण अर्ज त्यांच्या पोर्टलवर वेगळा, आणि तिथे बारावीला गणित नसेल तर प्रवेशच नाही. आयआयटी मद्रासचा मेडिकल सायन्सेस अँड इंजिनिअरिंगचा ४ वर्षांचा बीएस पण आयएटीवरूनच, वैद्यकशास्त्र आणि इंजिनिअरिंग एकत्र शिकायचं असेल त्यांनी जरूर बघावा, विषयांची अट त्यांच्या पानावर वाचून. नुसता आयएटीचा फॉर्म भरून या दोन्हीकडे नाव आपोआप जात नाही.

निकालानंतर बारावीचे मार्क पोर्टलवर टाकायचे, पसंतीक्रम द्यायचा. पसंतीक्रमात पुणे एकच टाकून बसू नका, नंतर बरहामपूर मिळालं असतं म्हणून हळहळणारे बघितलेत. सीट आली की ठरलेल्या मुदतीत स्वीकारून पैसे भरायचे. पुढच्या फेरीत चांगलं मिळेल म्हणून नुसतं थांबलात तर थेट बाहेर पडता, सीईटीच्या कॅप राउंडचं डोकं इथे लावू नका.

आणि ओरिजनल्स. जूनमध्ये घाईघाईने दुसऱ्या कॉलेजात ॲडमिशन घेऊन एलसी आणि मार्कशीट तिथे जमा केलेली असते, मग आयसरचं पत्र येतं आणि ते कॉलेज कागद सोडत नाही. जमा करण्याआधी सगळ्याच्या रंगीत स्कॅन आणि ट्रू कॉपी काढून ठेवा, आणि मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी बोर्डाकडे अर्ज निकाल लागल्या लागल्या टाका.