एका हत्येची त्रिज्या : त्रिनिदादमधील तरुणांचे मृत्यू आणि त्यामागचे विज्ञान

त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन हे नाव मराठी वाचकाला १९७१च्या मार्चपासून ओळखीचे आहे. अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले ते याच शहरात. दिलीप सरदेसाईंचे शतक आणि सुनील गावसकरांचे पदार्पण याच सामन्यातले. क्रिकेटच्या त्या मैदानापासून पूर्वेला काही किलोमीटरवर, शहराला लागून असलेल्या टेकड्यांवर लाव्हेंटिल नावाची वस्ती आहे. तेलाच्या रिकाम्या पिंपांतून सप्तसूर काढणारे स्टीलपॅन हे वाद्य ज्या वस्त्यांमध्ये जन्माला आले, त्यांत लाव्हेंटिलचे नाव अग्रभागी घेतले जाते. गेल्या दोन दशकांत मात्र हे नाव बातम्यांमध्ये येते ते प्रामुख्याने गोळीबारांमुळे आणि त्यांत मारल्या जाणाऱ्या तरुण मुलांमुळे.

त्रिनिदाद आणि टोबॅगो हा देश लोकसंख्येने साधारण गोव्याएवढा, म्हणजे सुमारे १४ लाखांचा आहे. गोव्यात वर्षभरात काही डझन हत्या नोंदवल्या जातात. त्रिनिदादमध्ये १९९९ साली हा आकडा शंभराच्या आत होता, २००८ साली तो साडेपाचशेच्या घरात गेला, २०२२मध्ये सहाशेच्या वर पोहोचला आणि २०२४ साली सुमारे ६२५ या आजवरच्या उच्चांकावर जाऊन ठेपला. दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ४५ हत्या, असे हे २०२४चे प्रमाण आहे. २०२२च्या पोलीस नोंदींनुसार भारतात ते २च्या आसपास होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२१ साली जागतिक सरासरी ५.८ होती.

‘लाखामागे ४५’ हा आकडा वाचून फारसा बोध होत नाही, म्हणून तो थोडा उलगडून पाहू. मारल्या जाणाऱ्यांपैकी सुमारे नऊ दशांश पुरुष असतात. त्यामुळे केवळ पुरुषांपुरता हिशेब केला, तर प्रमाण लाखामागे ८०च्या आसपास जाते. एखादा मुलगा आज जन्मला, त्याच्या सत्तर-बाहत्तर वर्षांच्या अपेक्षित आयुष्यात हे प्रमाण असेच राहिले, तर साधारण दर १७ किंवा १८ मुलांमागे एकाचा शेवट हत्येने होईल. पस्तीस मुलांच्या एका वर्गात दोघे. अर्थात, हा धोका सर्वत्र सारखा पसरलेला नाही. देशाच्या मोठ्या भागात तो बराच कमी आहे आणि लाव्हेंटिल, मोरव्हांट यांसारख्या वस्त्यांमध्ये तो या सरासरीच्या कितीतरी पट आहे, म्हणजे तिथल्या काही वर्गांची पटसंख्या किती लवकर विरळ होत असेल, याची कल्पना करता येते. वीस वर्षांचा मुलगा मारला जातो तेव्हा सुमारे पन्नास वर्षांचे आयुष्य वाया जाते. हृदयविकाराने सत्तरीत जाणाऱ्या माणसाच्या मृत्यूची नोंदही सरकारी तक्त्यात ‘एक’ अशीच होते, पण आरोग्यशास्त्रात ‘गमावलेली संभाव्य वर्षे’ हे माप वापरले जाते ते नेमक्या याच कारणासाठी. या मापाने पाहिले, तर अशा देशांत हत्या हा मधुमेह किंवा कर्करोग यांच्या पंक्तीत बसवावा असा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो.

तरुण पुरुषच का, या प्रश्नावर विज्ञानाने पुष्कळ विचार केला आहे. मार्गो विल्सन आणि मार्टिन डेली या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातल्या हत्यांचा अभ्यास करून दाखवले, की मारणारे आणि मरणारे दोघेही बहुधा तरुण, अविवाहित आणि बेरोजगार पुरुष असतात. आणि वाद पुष्कळदा वरवर पाहता क्षुल्लक असतो. कुणी चारचौघांत अपमान केला, कुणी रोखून पाहिले, कुणी माघार घेतली नाही. ज्याच्याकडे पदवी, नोकरी, घर यांपैकी काहीच नाही, त्याची सारी पत समवयस्कांच्या नजरेत साठवलेली असते आणि ती राखण्यासाठी तो जीवही पणाला लावतो. त्यातच या वयात मेंदूतील आवेगांना आवर घालणारा पुढचा भाग अजून पुरता परिपक्व झालेला नसतो.

हे सारे खरे असले तरी एवढ्यावर थांबणे चुकीचे ठरेल. वीस वर्षांच्या मुलाचा मेंदू पणजीत आणि पोर्ट ऑफ स्पेनमध्ये सारखाच असतो. लाव्हेंटिलच्याच इतिहासात याचा पुरावा आहे. १९४० आणि १९५०च्या दशकांत तिथल्या स्टीलबँडांमध्ये रस्त्यावर हाणामाऱ्या होत. वस्तीचा अभिमान, तारुण्याचा जोर आणि प्रतिस्पर्ध्यावरचा राग तेव्हाही होताच, मात्र हातात बाटल्या, दगड आणि कोयते असत. पुढे कंपन्यांनी बँडांना आर्थिक पाठबळ दिले, १९६३पासून ‘पॅनोरमा’ ही राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, आणि ती चुरस रस्त्यावरून रंगमंचावर गेली. तारुण्याची ईर्ष्या नाहीशी करता येत नाही, पण तिला वाट करून देता येते, हे त्या समाजाने एकदा स्वतःच सिद्ध केलेले आहे. आज त्याच टेकडीवरून डेस्पेराडोज या नामांकित बँडला हिंसेमुळे आपले सरावाचे अंगण हलवून खाली शहरात आणावे लागले, याचे मला म्हणूनच फार वाईट वाटते.

मधल्या काळात बदलले ते हत्यार आणि त्यामागचा पैसा. त्रिनिदादचा किनारा व्हेनेझुएलापासून एका ठिकाणी अवघ्या ११ किलोमीटरवर आहे. दक्षिण अमेरिकेतील कोकेन उत्तरेकडे नेण्याच्या वाटेवर हा देश आला आणि त्या मालाबरोबर बंदुकाही आल्या. कॅरिबियन देशांत बंदुकांचे कारखाने नाहीत. जप्त होऊन माग काढल्या गेलेल्या शस्त्रांपैकी सुमारे तीन चतुर्थांश अमेरिकेतून आलेली असल्याचे अमेरिकी सरकारी तपासणीतच आढळले आहे. त्रिनिदादमधील दर पाच हत्यांपैकी सुमारे चार आता बंदुकीने होतात. बेरोजगारांसाठीच्या सरकारी कामांची कंत्राटे काही ठिकाणी टोळ्यांच्या म्होरक्यांच्या हाती गेली. ज्या योजनेने मुलांना टोळीपासून दूर ठेवायचे, तिचाच रोजगार टोळीमार्फत मिळू लागला.

हत्या एका जागी सुरू होते आणि मग पसरते. हे वाक्य बरीच वर्षे केवळ अलंकारिक समजले जात होते, पण समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू पापाक्रिस्टोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली त्याचे गणित मांडले. शिकागो शहरात एकत्र अटक झालेल्या माणसांचे सुमारे १ लाख ३८ हजार जणांचे जाळे त्यांनी रेखाटले आणि २००६ ते २०१४ या काळातील ११ हजारांहून अधिक गोळीबार त्या जाळ्यावर ठेवून पाहिले. त्यांपैकी सुमारे ६३ टक्के घटना आधीच्या एखाद्या गोळीबारापासून संबंधांच्या धाग्यांवरून पुढे सरकत आल्या होत्या, असे त्यांच्या प्रारूपातून निघाले. अशा घटनांत एकाच्या मागोमाग त्याच्या साथीदाराला गोळी लागली ती सरासरी सुमारे १२५ दिवसांनंतर. कोण कुठे राहतो आणि किती गरीब आहे यापेक्षा, कोणाच्या ओळखीच्या माणसावर नुकतीच गोळी झाडली गेली, यावरून पुढच्या बळीचा अंदाज अधिक नेमका बांधता येत होता.

लहान देशात या जाळ्याची वीण फार घट्ट असते. समजा, प्रत्येक मृत तरुणाला नावानिशी ओळखणारी माणसे तीनशे आहेत; नातलग, शेजारी, शाळासोबती, चर्चमधली किंवा मैदानावरची. सहाशे हत्यांच्या एका वर्षात हा गुणाकार १ लाख ८० हजार होतो, म्हणजे देशातल्या दर आठ माणसांमागे एक. प्रत्यक्षात ही वर्तुळे एकमेकांवर पडतात, कारण हत्या ठरावीक वस्त्यांमध्ये एकवटलेल्या असतात. त्याचा परिणाम असा, की देशाच्या एका भागाला झळ जवळजवळ लागत नाही आणि दुसऱ्या भागातील एकाच माणसाला तरुण वयात पाच-सहा अंत्यसंस्कारांना उभे राहावे लागते. मारणारा आणि मेलेला पुष्कळदा एकाच गल्लीत वाढलेले असतात. दोघांच्या आया एकाच दुकानात समोरासमोर येतात. मोठ्या शहरात साक्षीदाराला दुसऱ्या टोकाला जाऊन राहता येते, पण बेटावर त्याला जायला जागाच नसते. म्हणून तो बोलत नाही. बहुसंख्य हत्यांचा छडा लागत नाही, खटले उभे राहिले तरी वर्षानुवर्षे रखडतात, आणि न्यायालयाकडून जे मिळत नाही ते मिळवण्याची जबाबदारी मृताच्या धाकट्या भावावर किंवा मित्रावर येऊन पडते. साथीच्या भाषेत बोलायचे तर संक्रमणाची ही पुढची कडी आहे.

याहून खोल हानी ज्यांचा या वैराशी काहीही संबंध नाही अशा मुलांची होते, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की यांनी २०१० साली शिकागोतील कृष्णवर्णीय मुलांच्या वाचन आणि शब्दसंग्रहाच्या चाचण्यांचे निकाल त्यांच्या घराजवळ झालेल्या हत्यांच्या तारखांशी ताडून पाहिले. चाचणीच्या आदल्या आठवड्यात परिसरात हत्या झालेली असली, तर मुलांचे गुण इतके घसरलेले दिसले, की शंभर मुलांत पन्नासावे असणारे मूल सत्तराव्या क्रमांकाच्या आसपास जावे. त्यासाठी मुलाने ती घटना स्वतः पाहिलेली असणे आवश्यक नव्हते. दुसऱ्या एका अभ्यासात मुलांच्या झोपेची आणि लाळेतील कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाची मोजणी केली गेली. परिसरात हिंसक गुन्हा घडल्यानंतर मुले उशिरा झोपत होती आणि दुसऱ्या सकाळी त्यांच्या शरीरातील कॉर्टिसोल नेहमीपेक्षा अधिक वाढत होते. ब्राझीलमधील लहान ग्रामीण नगरांत तर असे आढळले, की गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गावात हत्या झाल्यास कमी वजनाची बाळे जन्मण्याचे प्रमाण वाढते.

त्रिनिदादमध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटी, अकरा-बारा वर्षांच्या वयात, एकच परीक्षा होते आणि तिच्या गुणांवर मुलाला कोणती माध्यमिक शाळा मिळणार हे ठरते. ज्या वस्तीत दर काही आठवड्यांनी गोळ्यांचा आवाज येतो, तिथल्या मुलाने ही परीक्षा कोणत्या मनःस्थितीत दिली असेल, याचा विचार केला की शाळांची वर्गवारी आणि टोळ्यांची भरती यांतला संबंध दिसू लागतो. तरुण पुरुष आणि गुन्हेगारी यांचा अभ्यास करण्यासाठी सेल्विन रायन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०१३ साली शिक्षणातील या पडझडीकडे लक्ष वेधले होते.

सरकारांचा पहिला प्रतिसाद बहुतेकदा आणीबाणीचा राहिला आहे. २०११च्या ऑगस्टमध्ये ती लागू झाली, त्या वर्षी हत्या कमी झाल्या आणि २०१३पर्यंत आकडा पुन्हा चारशेच्या वर गेला. ३० डिसेंबर २०२४ रोजी ती पुन्हा जाहीर झाली. संचारबंदी आणि धरपकड यांनी साखळी काही काळ थांबते, हे नाकारता येत नाही. भयभीत आईला तेवढा दिलासाही मोलाचा वाटतो. पण जाळे तसेच राहिले तर संक्रमण पुन्हा सुरू होते.

या जाळ्यावरच काम करण्याचा एक प्रयोग त्रिनिदादने केला होता. गॅरी स्लटकिन हे क्षयरोग आणि पटकी यांच्या साथींवर काम केलेले डॉक्टर. गोळीबाराचे नकाशे त्यांना साथीच्या नकाशांसारखे दिसले आणि २०००च्या सुमारास त्यांनी शिकागोत एक पद्धत सुरू केली. त्याच वस्तीतले, पूर्वी टोळीत वावरलेले आणि म्हणून ज्यांचा शब्द मानला जातो अशा माणसांना मध्यस्थ म्हणून नेमायचे, आणि सूडाची कुणकुण लागताच ते घटनास्थळी किंवा जखमीच्या खाटेशी पोहोचतील असे पाहायचे. ते पोलिसांचे खबरे नसतात. वाद मिटवणे, रागावलेल्या मुलाला पहिले काही दिवस थोपवून धरणे, नंतर त्याच्या कामाची किंवा शिक्षणाची सोय लावणे, एवढेच त्यांचे काम. आंतरअमेरिकी विकास बँकेच्या कर्जातून चाललेल्या कार्यक्रमाखाली २०१५ साली पोर्ट ऑफ स्पेन परिसरातील १६ वस्त्यांमध्ये हा उपक्रम सुरू झाला. गुन्हेशास्त्रज्ञ एडवर्ड मॅग्वायर यांच्या नेतृत्वाखालील मूल्यमापनात, इतर भागांच्या आकडेवारीतून तयार केलेल्या तुलना-क्षेत्रापेक्षा या वस्त्यांमधील हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण वर्षभराने सुमारे ४५ टक्के कमी आढळले. जवळच्या रुग्णालयात गोळी लागून येणाऱ्यांची संख्याही घटली. एका देशातील एका प्रयोगाचा हा निष्कर्ष आहे आणि अन्य शहरांत या पद्धतीला संमिश्र यश आले आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण इथे परिणाम दिसत असूनही २०१७ साली मूळ कार्यक्रमाबरोबर हा उपक्रमही संपला. ज्या लसीचा परिणाम दिसू लागला, तिचा पुरवठा मध्येच थांबवावा, असा हा निर्णय होता, आणि तो समजून घेणे मला आजही जड जाते.

एप्रिल २०२३मध्ये कॅरिबियन राष्ट्रप्रमुखांनी पोर्ट ऑफ स्पेन येथेच जमून हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे जाहीर केले. या भूमिकेला साजेसे काम करायचे तर सुरुवात रुग्णालयाच्या अपघात विभागातून करता येते. वेल्समधील कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या शल्यचिकित्सकाच्या लक्षात आले, की हिंसेत जखमी होऊन आलेल्या पुष्कळ रुग्णांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग स्वागतकक्षातच प्रत्येक जखमीला मारहाण कुठे, केव्हा आणि कशाने झाली, एवढे विचारून, नाव गाळून, ती माहिती दरमहा पोलीस आणि नगरपालिकेला दिली जाऊ लागली. पुढच्या काही वर्षांत हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण तिथे दर लाखामागे दरमहा ७वरून ५वर आले, त्याच काळात तुलनेच्या इतर शहरांत ते ५वरून ८वर गेले होते. त्रिनिदादमध्ये भीतीपोटी जो जखमी मुलगा पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही, त्यालाही रुग्णालयात यावेच लागते. त्याच्या खाटेशी त्या रात्री त्याचे मित्र जमलेले असतात, आणि पुढचे काही आठवडे नेमके कोणाकडे लक्ष ठेवायचे, हे तिथे उभ्या असलेल्या परिचारिकेला आणि मध्यस्थाला दिसत असते.