ग्रीनलंड शार्क : आहार

ग्रीनलंड शार्क (शास्त्रीय नाव सोम्निओसस मायक्रोसेफॅलस) ही उत्तर अटलांटिक व आर्क्टिक समुद्रांतील अवाढव्य, संथ मुशी. लांबी ६ मी.हून अधिक भरू शकते, २,००० मी.पेक्षा खोलवरही ती आढळली आहे. सुमारे २ मी.पर्यंतच्या शार्कच्या पोटात मुख्यतः माकूल (स्क्विड) मिळतात. त्याहून मोठ्या शार्क कॉड, हॅलिबट असे तळाजवळचे मासे, सील व देवमाशांचे मढे खातात. ध्रुवीय अस्वलाचे अवशेषही पोटात मिळाले आहेत, पण तो नेहमीचा आहार नव्हे.

वरचे दात अरुंद व टोकदार, भक्ष्य धरून ठेवणारे. खालचे रुंद, आडवे कललेले व एकमेकांना भिडलेले, त्यामुळे त्यांची सलग धार होते. मोठ्या धडाला तोंड लावून शार्क डोके गोल फिरवते आणि चरबीसकट वाटोळा लचका काढते. मासे बहुधा पाण्यासह ओढून अख्खेच गिळते.

सील जिवंत पकडले जातात की मेलेले खाल्ले जातात, हा जुना वाद आहे. स्वालबार या नॉर्वेच्या आर्क्टिक द्वीपसमूहात शार्कना यंत्रे बांधून केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत सरासरी वेग सेकंदाला ०.३४ मी. व कमाल ०.७४ मी. आढळला, शेपटीच्या एका हेलकाव्याला सुमारे ७ सेकंद लागतात. पोहणारा सील या वेगाला सापडणे कठीण. तरी तेथील काही शार्कच्या पोटातील सीलचे मांस ताजे होते आणि मढ्यांना लागणारे अँफिपॉड (लहान कवचधारी जीव) त्यात नव्हते. त्यामुळे पाण्यात झोपलेले सील गाठले जात असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कॅनडाच्या सेबल बेटावरील सीलांच्या मळसूत्री जखमा याच शार्कच्या मानल्या गेल्या होत्या. पण स्कॉटलंडमध्ये करड्या नर सीलला तशा जखमा करताना पाहिले गेले आणि तो पुरावा लंगडा पडला. पोट तपासताना आणखी एक खबरदारी घ्यावी लागते : गळाला आमिष म्हणून सीलची चरबी लावली असेल, तर ते तुकडे वगळूनच मोजणी करावी.

या शार्कच्या बुबुळावर लोंबणारा ओमाटोकोइटा हा परजीवी चमकून मासे आकर्षितो, असे मत १९६१ च्या सुमारास मांडले गेले. त्याला आधार मिळालेला नाही.

चयापचय मंद असल्याने भूक माफक असते. एका अनुमानानुसार २२४ किग्रॅ. वजनाच्या शार्कला रोज ६१ ते १९३ ग्रॅ. खाद्य पुरते. हॅलिबटसाठी टाकलेल्या लांबदोरीवरचे (अनेक गळ लावलेल्या लांब दोरावरचे) अडकलेले मासे मात्र ती आयतेच खाते, अंगाभोवती दोर गुंडाळून घेते आणि वर ओढताना दोर कापावा लागतो.