एका पंगतीचा प्रश्न
पहिल्या ख्रिस्ती मंडळीतला सर्वांत अवघड वाद जेवणावरून पेटला. येशूचे सुरुवातीचे शिष्य सगळे यहूदी होते. शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस), सुंता, खाण्यापिण्याचे नियम ते पाळत होते आणि ते सोडावेत असे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते. त्यांच्यातल्या स्तेफनाच्या वधानंतर छळ सुरू झाला, माणसे पांगली आणि त्यांतल्या काहींनी सिरियातील अंत्युखियात ग्रीकांनाही सुवार्ता, म्हणजे येशूची शिकवण, सांगितली. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पडले ते याच शहरात.

इथे यहूदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले विश्वासणारे, एकत्र जेवत. येशूचा प्रमुख शिष्य पेत्रही त्यांच्यात बसे. मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आली, तसा सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या धाकाने पेत्र वेगळा राहू लागला. त्याच्यामागे पौलाचा सोबती बर्णबाही ओढला गेला. परराष्ट्रीयांत प्रचार करणाऱ्या पौलाने पेत्राला सर्वांदेखत खडसावले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने ते स्वतःच सांगितले आहे. मला पौलाचेच म्हणणे पटते. पंगत वेगळी झाली की ‘ख्रिस्तात सगळे एक’ या म्हणण्याला काय अर्थ उरतो? पण पेत्राची कोंडीही खरी होती, कारण यरुशलेमच्या मंडळीला आपल्याच यहूदी समाजात राहायचे होते.

इ.स. 49 च्या सुमारास यरुशलेममध्ये बैठक झाली. परराष्ट्रीयांची सुंता झालीच पाहिजे, असा परूशी या नियमांबाबत काटेकोर यहूदी पंथातून आलेल्या विश्वासणाऱ्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. मात्र याकोबाने चार गोष्टी वर्ज्य करायला सांगितल्या: मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म. चारांपैकी तीन ताटातल्या आहेत. यहूदी धर्मशास्त्रातल्या लेवीय ग्रंथात इस्राएलांमध्ये राहणाऱ्या परदेशीयांनाही घातलेल्या बंधनांशी त्या जुळतात. म्हणजे एकाने सुंतेचा हट्ट सोडायचा, दुसऱ्याने शेजारी बसणाऱ्याला घास उतरेल एवढे पथ्य पाळायचे.

तेवढ्याने वाद मिटला नाही. क्लौद्य बादशहाने यहूद्यांना रोममधून घालवले. ते परतू लागले तोवर तिथल्या मंडळीत परराष्ट्रीयांचे वजन वाढले असावे. इ.स. 57 च्या आसपास पौल रोमकरांना लिहितो, की कोणी सगळे खातो, कोणी फक्त भाजीपाला; खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. त्याच सुमारास मासेदोनिया आणि अखया या ग्रीक प्रांतांतल्या मंडळ्यांनी यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली. ती पोहोचवायला पौल स्वतः गेला आणि तिथे त्याला अटक झाली. इफिसच्या त्रफिमाला, एका परराष्ट्रीयाला, त्याने यहूद्यांच्या मंदिरात, जिथे परराष्ट्रीयांना आत मनाई होती, नेले असा लोकांचा समज झाला होता.

इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने मंदिर पाडले. दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत पारडे पार फिरले होते. मोशेचे नियम, म्हणजे यहूदी धर्मशास्त्र, पाळणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्याला आपल्यात घ्यावे का, हा प्रश्न आता परराष्ट्रीयांपुढे होता. त्या काळातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याचे मत होते, की तो इतरांवर सक्ती करत नसेल तर खुशाल घ्यावे. पण अशांशी बोलायला आणि त्यांच्याबरोबर बसायलाही तयार नसलेले ख्रिस्ती आहेत, हेही त्यानेच नोंदवले आहे.