लाल-हिरव्या ओळींच्या आधी

डावीकडे जुनी फाइल, उजवीकडे नवी, मधे दोन्हींना जोडणारे रंगीत पट्टे. दोन फाइलींमधला फरक दाखवणारं मेल्ड किंवा केडिफ३ उघडलं की हेच चित्र दिसतं. त्याखालचं गणित मात्र पन्नास वर्षांपूर्वीचं.

बेल लॅब्जमधल्या डग्लस मॅकिलरॉय यांचा 'डिफ' हा फाइलींतला फरक सांगणारा प्रोग्राम १९७४ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आला. जेम्स हंट यांच्यासह त्यांनी १९७६ मध्ये त्यामागची पद्धत मांडली. दोन्ही फाइलींत त्याच क्रमाने येणाऱ्या समान ओळींची सर्वांत लांब मालिका शोधायची; तिच्याबाहेर उरलं, ते बदललेलं. उत्तर मिळायचं ते 'एड' एडिटरच्या आज्ञांसारखं: '१२सी१२' (म्हणजे बारावी ओळ बदलली), खाली '<' लावून जुनी ओळ, '>' लावून नवी. त्या ओळीच्या मागेपुढे काय आहे, हे शोधायला फाइलच उघडावी लागे.

पुढे बदलाभोवतीच्या काही ओळीही दाखवणारा प्रकार आला आणि १९८५ मध्ये लॅरी वॉल यांच्या 'पॅच'ने, म्हणजे डिफने सांगितलेले बदल फाइलीत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, त्याचं सोनं केलं. ओळींचे क्रमांक थोडे सरकले असले तरी शेजारच्या ओळींवरून पॅच जागा हुडकतो. आज गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात, दिसणारी अधिक-उण्याची मांडणी १९९० मध्ये वेन डेव्हिसन यांनी आणली.

दोन फाइली खिडकीत शेजारी-शेजारी दाखवणारी साधनं त्यानंतर फोफावली. नेक्स्ट कंपनीच्या संगणकांवर फाइलमर्ज होतं, विंडोजवर विनडिफ. बियाँड कम्पेअरसाठी लोक आजही आनंदाने पैसे मोजतात. मर्ज करताना, म्हणजे दोघांनी केलेले बदल एकत्र करताना, तिसरा रकाना लागतो, तो दोघांनी हात लावण्याआधीच्या मूळ फाइलचा. तो नसेल तर कोणी काय बदललं हे ठरवणं म्हणजे अंधारात तीर. गिटमधून थेट असं साधन उघडणारी 'डिफटूल' ही आज्ञा २००९ मध्ये आली.

हे चित्र तुम्ही काय टाइप केलं ते सांगत नाही. दोन फाइलींवरून बांधलेला तो अंदाज असतो. प्रोग्राममधली फंक्शनं, म्हणजे नाव दिलेले कोडचे तुकडे, महिरपी कंसाने संपतात असं समजा आणि अशा दोघांच्या मधे तिसरं घाला: पुष्कळदा नव्याचा शेवटचा महिरपी कंस जुना म्हणून पांढरा राहतो आणि शेजारच्याचा नवा म्हणून हिरवा होतो. चूक नाही, पण वाचताना डोकं फिरतं. बिटटोरेंटवाल्या ब्रॅम कोहेन यांची 'पेशन्स' पद्धत म्हणूनच दोन्ही फाइलींत एकदाच येणाऱ्या ओळींना खुंट्या मानते. एकटा कंस कुठेही सापडतो, फंक्शनचं नाव नाही. गिटमध्ये ती आहे, पण मागावी लागते. न मागता मिळते ती यूजीन मायर्स यांची, १९८६ ची.